मायक्रोची बी.एस्सी. आहे तरी परत मायक्रो? एडीएनला निघालेल्या एका वाचक मैत्रिणीला उत्तर

प्रश्न: ताई नमस्कार. मी 38 वर्षांची, न्यू जर्सीत राहते. पुण्यात 2008 ला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलं, फर्स्ट क्लास. मग लग्न, इकडे एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर) आले, दोन मुलं झाली (11 आणि 6), मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. आता कम्युनिटी कॉलेजमधून नर्सिंगची असोसिएट डिग्री (एडीएन) करायची म्हणतेय. कॉलेजवाले म्हणतात तुमचं मायक्रो जुनं झालं, परत करा. एका प्रायव्हेट कॉलेजचे सारखे फोन येतायत की आमच्याकडे वेटिंग नाही, पुढच्या महिन्यात सुरू करा. नवरा म्हणतो दोन वर्षं काय, बघता बघता जातील. सासूबाई म्हणतात एवढं शिकून आता लोकांचे बेडपॅन उचलणार का. लसींचं कार्ड आईकडेही नाहीये. मंगळसूत्र चालतं का हेही कुणी नीट सांगत नाही. नक्की काय काय लागतं आणि मला झेपेल का, एकदा स्पष्ट सांगा ना.

उत्तर: अगं, आधी ते "दोन वर्षं" डोक्यातून काढून टाक, आणि नवऱ्याच्याही डोक्यातून काढ. दोन वर्षं म्हणजे नर्सिंगच्या कोर्सेसची चार सेमिस्टर फक्त. त्याच्या आधी प्रीरेक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी करायचे विषय, ती घर सांभाळून करायची तर वर्ष-दीड वर्ष कुठे गेलं कळत नाही, मग अ‍ॅप्लिकेशनची खिडकी, जी बऱ्याच कॉलेजांत वर्षातून एकदाच उघडते, मग उत्तराची वाट, मग ती चार सेमिस्टर, मग एनक्लेक्स या लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास आणि ती परीक्षा. सगळं सुरळीत झालं तरी आजपासून साडेतीन-चार वर्षं धर. म्हणजे धाकटा तेव्हा दहाचा आणि मोठं पोर हायस्कूलात. हे घाबरवायला नाही सांगत, घरात एकदा कॅलेंडर समोर ठेवून बोलून घ्या म्हणून सांगतेय. दोन वर्षांच्या तयारीने चार वर्षांच्या कामात उतरलं की तिसऱ्या वर्षी घरात कटकटी सुरू होतात. माझ्या बरोबरीच्या ज्या जणी मधेच सोडून गेल्या त्यातल्या बहुतेक अभ्यासापायी नाही गेल्या, घरचं गणित बसेना म्हणून गेल्या.

आता मायक्रोचं. राग आलाय तुला हे पत्रातच दिसतंय आणि तो बरोबरही आहे, पण कॉलेजचा नियम तुझ्यासाठी वेगळा नाहीये. सायन्सचे विषय पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने नको असं बहुतेक ठिकाणी असतं, अमेरिकन मुलीचंही 2008 चं मायक्रो चालत नाही. आणि मी म्हणेन उलट बरंच आहे. का, तर अ‍ॅडमिशन म्हणजे बऱ्याच ठिकाणी पॉइंटचा खेळ असतो, ए ला इतके पॉइंट, बी ला इतके, कुठे कोर्स रिपीट केला असेल तर वजा. ग्रॅम स्टेनिंग तू झोपेतसुद्धा करशील, वर्गातल्या बाकीच्या पोरी स्लाइड जाळत असतील तेव्हा तुझं कल्चर वाचून झालेलं असेल. हातात येणारा ए आहे तो. घे आणि गप्प बस.

पण सुरुवात मायक्रोने नको करूस. पहिला कोर्स घे अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी वन, सगळे ए अँड पी म्हणतात तो. बाकी कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी, कुठलीही फी भरायच्या आधी, फक्त हा एक. चार क्रेडिट, लॅब वेगळी, दोनशे सहा हाडं आणि प्रत्येक हाडावरचे खाचखळगे नावानिशी, स्नायू, मग पेशीत काय चालतं ते. लॅबच्या परीक्षेत टेबलावर मॉडेल मांडलेली असतात, प्रत्येकावर चिठ्ठी, मिनिटभर थांबायचं, नाव लिहायचं, पुढच्या टेबलाकडे सरकायचं, स्पेलिंग चुकलं की मार्क गेले. हा कोर्स मुलं, डबे, कराटेचा क्लास सांभाळून ए किंवा चांगल्या बी ने निघाला तर पुढचं झेपेल. नाही निघाला तर एका कोर्सच्या फीमध्ये कळलं, वीस-तीस हजार डॉलर घालवून नाही कळलं. "मला झेपेल का" याचं याहून खरं उत्तर माझ्याकडे नाही.

बाकीची प्रीरेक्विझिट साधारण अशी की ए अँड पी टू, मायक्रो, इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी (बऱ्याचदा जन्मापासून म्हातारपणापर्यंतची डेव्हलपमेंटल सायकॉलॉजीसुद्धा), आणि स्टॅटिस्टिक्स किंवा अल्जेब्रा, कुठे केमिस्ट्री. कमीत कमी सी लागतो, पण सी घेऊन कुणी आत जातं असं समजू नकोस, कागदावरचं मिनिमम वेगळं आणि ज्यांना सीट मिळते त्यांचे मार्क वेगळे. पुण्याची डिग्री फुकट नाही जाणार मात्र. डब्ल्यूईएस किंवा ईसीई या परदेशी डिग्र्या तपासून देणाऱ्या संस्थांकडून कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन करून घे, साधं डिग्री इक्विव्हॅलन्सी वालं नको, ते स्वस्त असतं पण त्यात विषयवार क्रेडिट दिसत नाहीत. त्यावर काही जनरल विषय सुटू शकतात. इंग्लिश बहुतेक इथेच करावं लागेल, आणि काही ठिकाणी टोफेल मागतात, ते आधीच विचारून घे.

मग प्रवेश परीक्षा. कॉलेज बघून टीज किंवा हेसी. टीज जास्त ठिकाणी, 170 प्रश्न, 209 मिनिटं, रीडिंग, मॅथ, सायन्स, इंग्लिश. आपल्या लोकांना मॅथचं काही वाटत नाही, आणि सायन्समध्ये सगळ्यात मोठा भाग ए अँड पीचाच असतो म्हणून तो कोर्स संपल्या संपल्या टीज द्यायची, डोक्यात ताजं असतं. अडकतो आपण रीडिंगमध्ये. उतारा वाचून लेखकाला काय म्हणायचंय ते विचारतात आणि आपण आपल्याला काय वाटतं ते टिक करतो. त्याची प्रॅक्टिस कर थोडी.

लसींची फाईल. हे लोक शेवटपर्यंत ठेवतात आणि मग धावपळ. तुझ्याकडे कार्ड नाही, आपल्यापैकी कुणाकडेच नसतं, त्याने काही अडत नाही. डॉक्टरकडून टायटर करून घे, म्हणजे रक्त तपासून गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हेपॅटायटिस बीच्या अँटीबॉडी आहेत का ते बघतात, असल्या तर काम झालं. हेप बी नसली निघाली तर तीन डोसची नेहमीची लस सहा महिने खाते, म्हणून हे आत्ताच कर (दोन डोसवाली पण आहे, महिन्याभरात होते, तीही विचार). टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) लागतं, दर वर्षी फ्लू.

आणि टीबी. इथे आपलं खास लफडं आहे. आपल्या सगळ्यांच्या दंडावर लहानपणीच्या बीसीजीचा व्रण, त्यामुळे हातावर टोचून करतात ती स्किन टेस्ट फुगू शकते टीबी नसतानाही, मग हेल्थ ऑफिसमधली बाई तुझ्याकडे संशयाने बघणार, एक्स-रे, चिठ्ठ्या, तोपर्यंत ओरिएंटेशन हुकायची वेळ. सरळ क्वांटिफेरॉन ही रक्ताची टेस्ट माग, तिला बीसीजीने फरक पडत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर घाबरू नकोस, छातीचा एक्स-रे होईल, कदाचित लेटंट, म्हणजे शरीरात झोपून असलेल्या, टीबीची काही महिन्यांची औषधं देतील, त्यापायी नर्सिंगचं दार बंद होत नाही.

सीपीआरचं कार्ड अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस प्रोव्हायडर हेच लागतं बहुतेक ठिकाणी. त्यांचंच हार्टसेव्हर नावाचं पण असतं, ते सर्वसामान्यांसाठी, ते नाही चालत. आणि घरबसल्या ऑनलाइन वीस मिनिटात मिळणारं तर अजिबातच नाही. बॅकग्राउंड चेक आणि ड्रग टेस्ट होतेच, स्पीडिंग टिकिटाने काही होत नाही, पण इंडियातून आणलेलं कोडीनवालं खोकल्याचं औषध वगैरे त्या आठवड्यात घेऊ नकोस, टेस्टमध्ये येतं ते आणि मग इथलं प्रिस्क्रिप्शन दाखव म्हणतात. शिवाय एक फिजिकलचा, म्हणजे शारीरिक तपासणीचा, फॉर्म, त्यात वजन उचलता येतं का, तासन्‌तास उभं राहता येतं का, असलं सगळं. कंबर धरत असेल तर आत्तापासून बघ काहीतरी.

त्या प्रायव्हेट कॉलेजच्या फोनबद्दल. वेटिंग नाही, पुढच्या महिन्यात सुरू, हे ऐकूनच माझे कान टवकारतात. सगळी प्रायव्हेट वाईट नसतात हे खरं, पण फी काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजच्या कितीतरी पट असते, आणि तू तुझ्याच काउंटीच्या कॉलेजात गेलीस तर तिथल्या रहिवाशांचा रेट लागतो, तो सगळ्यात स्वस्त. तीन गोष्टी बघ. न्यू जर्सी बोर्ड ऑफ नर्सिंगच्या मान्य यादीत नाव आहे का. नॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन आहे का, एसीईएन हे नाव शोध, कारण ते नसेल तर उद्या बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स) करताना किंवा माजी सैनिकांच्या सरकारी व्हीए हॉस्पिटलात नोकरीला अडचण येते. आणि एनक्लेक्सला पहिल्या फटक्यात किती टक्के पास होतात, तो आकडा बोर्ड जाहीर करतं. फोनवरच्या बाईला हेच तीन प्रश्न विचार आणि ती विषय कसा बदलते ते ऐक. 2023 च्या जानेवारीत फ्लोरिडाचं प्रकरण उघडकीला आलं, ऑपरेशन नाइटिंगेल, 7,600 च्या वर खोट्या नर्सिंग डिग्र्या विकल्या होत्या. त्यात ज्यांनी पैसे मोजून कागद घेतले त्यांच्या लायसन्सवर देशभरातल्या बोर्डांनी कारवाया केल्या. तुझ्या फोनवाल्यांचा त्याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाहीये, शॉर्टकट म्हटला की तपासून घे एवढंच.

पैशावरनं आठवलं, ग्रीन कार्ड आहे म्हणजे फाफसा, सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, भरता येईल तुला, एच-फोरवर भरता येत नव्हता. पण तुझ्याकडे बॅचलर्स आहे, भले पुण्याचं, म्हणून पेल ग्रँट, जी परत करावी लागत नाही ती सरकारी मदत, नाही मिळणार. लोन मिळेल, स्टेटच्या आणि कॉलेजच्या स्कॉलरशिप वेगळ्या. बॅचलर्स आहे म्हटल्यावर कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनचंही सांगेल, बारा ते अठरा महिन्यात संपतं, खरंय, पण प्रीरेक्विझिट तीच लागतात, फी जबरदस्त, आणि ते अठरा महिने घरचं सगळं दुसऱ्या कुणीतरी बघायचं. सहा वर्षांचं पोर घरात असताना मी तरी नाही सांगणार.

मग एडीएनने भागतं का? लायसन्स तेच, आरएनचं (रजिस्टर्ड नर्स), एनक्लेक्स-आरएन तीच, बीएसएनवाल्यांना वेगळा पेपर नसतो. या डिग्रीची कल्पनाच मुळी 1951 मध्ये मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या प्रबंधातून आली, महायुद्धानंतर नर्स कमी पडत होत्या म्हणून दोन वर्षांत तयार होणारी, मोठ्या नर्सच्या हाताखाली काम करणारी अशी त्यांच्या मनात होती, पण परीक्षा एकच ठेवली गेली आणि फ्लोअरवर, म्हणजे वॉर्डात, तो फरक राहिलाच नाही. फरक पडतो नोकरी शोधताना. मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात किंवा "घेतो, पण इतक्या वर्षांत पूर्ण करा" अशी सही घेतात. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तर डिसेंबर 2017 चा कायदाच आहे की नवीन आरएनने दहा वर्षांत बीएसएन करायचं. ते नोकरी करता करता ऑनलाइन होतं, बरीच हॉस्पिटलं फीचा काही भाग देतात. म्हणून मी एडीएन आधी, बीएसएन नंतर, या बाजूची आहे. पगाराचं विचारलं नाहीस तरी सांगते, देशभरातल्या आरएनचा मधला आकडा मे 2024 ला वर्षाला 93,600 डॉलर होता, तुला सुरुवातीला बहुतेक नाइट मिळेल.

आता आत गेल्यावर काय, याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, पेढे. इथे पास व्हायलाच 75 ते 80 च्या मधे कुठेतरी लागतात, आणि 77 लागत असतील तर 76.9 म्हणजे नापास, राउंड करत नाहीत, रडून उपयोग नसतो. दोनदा नापास की बऱ्याच ठिकाणी प्रोग्रामच्याच बाहेर. आणि प्रश्न पाठांतराचे नसतात. असा प्रश्न येईल बघ: चार पेशंट आहेत, आधी कुणाकडे जाशील? सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंट, ऑक्सिजन 90 टक्के. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, वेदना दहापैकी आठ. डायबेटिसवाला, शुगर 210. थायरॉइडचं ऑपरेशन होऊन आत्ताच आलेली बाई, श्वास घेताना घर्र आवाज येतोय. आपला डोळा 90 वर जातो. पण सीओपीडीवाल्याचा 90 त्याच्यासाठी रोजचाच, आणि ती बाई, तिचा गळा आतून सुजत असेल तर काही मिनिटांत श्वास बंद. तिच्याकडे आधी. चारही पेशंटना नर्स लागतेच आहे, चारातलं चूक असं काही नाही, यानेच आपली हुशार पोरं पहिल्या परीक्षेत सपाटून आपटतात. पुण्यात कॉलेजला टॉपर असलीस तरी.

औषधांच्या गणिताची परीक्षा वेगळीच, 90 टक्के लागतात, काही ठिकाणी शंभर. पेशंट 154 पाउंड, हेपरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) किलोमागे तासाला 18 युनिट, पिशवीत 250 एमएलमध्ये 25,000 युनिट, पंप कितीवर लावशील? 154 भागिले 2.2 म्हणजे 70 किलो, त्याला 18 ने गुणलं 1,260 युनिट, एका एमएलमध्ये 100 युनिट, म्हणजे तासाला 12.6 एमएल. सोपं आहे ना? पण एका एमएलहून कमी डोस असेल आणि तू 0.6 च्या जागी नुसतं .6 लिहिलंस तर चूक धरतात, 5 च्या जागी 5.0 लिहिलंस तरी चूक, कारण घाईत ते टिंब दिसलं नाही की डोस दहापट. आपल्याला उत्तर बरोबर आलं की झालं अशी सवय असते, ती मोडावी लागते.

क्लिनिकल म्हणजे हॉस्पिटलमधे प्रत्यक्ष काम, आठवड्यातून एक-दोन दिवस, पहाटे पावणेसातला फ्लोअरवर हजर, म्हणजे घरातून सहाला किंवा आधी. हॉस्पिटल तुला निवडता येत नाही, पाऊण तास ड्राइव्ह असू शकतो, स्नोमध्ये पण. दांडी जवळजवळ नाहीच, एखाद-दोन दिवसांच्या वर गेलं की कोर्स गेला. म्हणून विचारते, सकाळी सहाला मुलांचं कोण बघणार? नवऱ्याला ऑफिसला आठला जायचं असेल तर बस स्टॉपवर कोण सोडणार, आणि धाकट्याला ताप आला तर कोण घरी राहणार, नाव सांग, "बघू" नको. गणपती नेमके फॉल सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यांत येतात. दिवाळीला आपल्याकडच्या बऱ्याच टाउनच्या शाळा बंद असतात आणि तुझं क्लिनिकल चालू, म्हणजे मुलं घरी आणि तू स्क्रबमध्ये, हॉस्पिटलच्या कपड्यांत. इंडिया ट्रिप फक्त समरला. काही कॉलेजांत इव्हनिंग-वीकेंडचा ट्रॅक असतो, तो तुला जास्त बसेल का ते बघ.

सासूबाईंचं. हो, बेडपॅन उचलावे लागतात, पहिल्याच सेमिस्टरला, आणि अंघोळ घालायची, कूस बदलायची, पुरुष पेशंटचंही सगळं करायचं. त्याला पर्याय नाही आणि ते लपवूनही ठेवू नकोस. पण पुसता पुसताच त्या माणसाची कातडी कुठे लाल झालीये, पाय सुजलाय का, आज कालच्यापेक्षा कमी बोलतोय का हे नर्सला दिसतं. सासूबाईंना भाषण देत बसू नकोस, सकाळी सहाला नातवंडांना उठवायला त्याच लागणार आहेत, तेव्हा गोडीत घे.

मंगळसूत्र घरी ठेव. गळ्यात लोंबणारं काहीही गोंधळलेला पेशंट धरतो आणि ओढतो, माझ्या डोळ्यासमोर झालंय. साधी अंगठी आणि कानात छोटी कुडी बहुतेक ठिकाणी चालते, चमकीचं त्यांच्या हँडबुकमध्ये बघ, बांगड्या नाही, वाढवलेली किंवा रंगवलेली नखं नाही. मेंदीचं इन्स्ट्रक्टरला विचारून घे. आणि हो, स्क्रब वेगळ्या कपाटात ठेव, किचनच्या जवळ नको, हिंगाच्या फोडणीचा वास कपड्यात बसतो आणि उलट्या होणाऱ्या पेशंटला तो नको होतो.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: पुण्यात कुणाला तरी ट्रान्सक्रिप्टच्या (युनिव्हर्सिटीच्या विषयवार मार्कांच्या कागदाच्या) मागे लाव, त्याला वेळ लागतो. डॉक्टरकडे टायटर आणि क्वांटिफेरॉनची अपॉइंटमेंट घे. आणि कॉलेजच्या नर्सिंग इन्फॉर्मेशन सेशनला जाऊन बस, पत्रात लिहिलेले सगळे प्रश्न तिथे विचार, उत्तर ईमेलवर लेखी माग. ए अँड पीचे संध्याकाळचे सेक्शन पटकन भरतात, रजिस्ट्रेशन उघडतं त्या दिवशी सकाळीच लॉगइन कर.